परवलीच्या शब्दाचे स्थलांतर : डेटाबेस कूटलेखनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
डेटाबेस कूटबद्ध केला की माहिती सुरक्षित झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तथापि पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुप्तता केवळ किल्लीत असावी, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. परिणामी किल्लीचे जतन हाच या विषयातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी :
एमआयटी येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये साकारलेल्या सीटीएसएस प्रणालीत परवलीचे शब्द एका फाइलीत जसेच्या तसे साठविले जात. त्याच दशकात ही फाइल व दैनिक सूचनेची फाइल यांची अदलाबदल होऊन सर्वांचे शब्द प्रत्येक वापरकर्त्यासमोर उघड झाले. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्समधील उपाय प्रसिद्ध केला. त्यानुसार मूळ शब्दाऐवजी त्याचे एकमार्गी रूप साठविले जाई व त्यात १२ बिटांचे यादृच्छिक ‘मीठ’ मिसळले जाई. मात्र त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१ शब्द सहज शोधण्याजोगे निघाले.

डेटाबेसची विशेष अडचण :
प्रवेश देताना शब्द पडताळणे पुरेसे असते. कूटबद्ध डेटाबेस वाचण्यासाठी मात्र प्रत्यक्ष किल्लीच हाती यावी लागते. ऑरॅकलने २००५ मध्ये १०जी रिलीज २ मध्ये आणलेल्या व्यवस्थेत मुख्य किल्ली डेटाबेसबाहेरील ‘वॉलेट’मध्ये राही आणि वॉलेट परवलीच्या शब्दाने उघडे. डेटाबेस पुन्हा सुरू झाल्यावर व्यवस्थापकाला आज्ञा देऊन ते उघडावे लागे. कमांड लाइनवरील आज्ञेतच परवलीचा शब्द लिहिल्यास तो शेलच्या इतिहास-फाइलीत उरू शकतो, तसेच युनिक्समध्ये ‘पीएस’ आज्ञेद्वारे इतरांनाही दिसू शकतो. मायएसक्यूएलच्या २०१३ मधील ५.६ आवृत्तीत अशा वापराबद्दल इशारा दिला जाऊ लागला. शब्द न विचारता उघडणारे वॉलेट सोयीचे खरे. परंतु ती फाइल व डेटा दोन्ही एकाच्याच हाती पडल्यास कूटलेखन व्यर्थ ठरते.

निष्कर्ष :
कोणत्याही उपायाने गुपित नाहीसे झाले नाही. त्याची केवळ जागा बदलली. शब्द उघड झाल्यास गोपनीयता जाते. तो विसरला गेला व किल्लीची दुसरी प्रत नसली तर माहितीच कायमची गमावते. म्हणून परीक्षा-अभिलेख कूटबद्ध करण्यापूर्वी परवलीचा शब्द कोणाकडे राहील, मोहोरबंद प्रत कोठे असेल आणि संबंधित कर्मचारी निवृत्त झाल्यावर ती कोणाकडे सोपविली जाईल, हे महाविद्यालयांनी लेखी ठरविणे अगत्याचे आहे. हा तांत्रिक नव्हे, प्रशासकीय उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे.