टाका : हाताचा आणि यंत्राचा

खताची गोणी उघडताना एक गंमत आपण नेहमी पाहतो. दोऱ्याचं नेमकं टोक हाती लागलं, की एका ओढीत सबंध तोंड सर्रकन उसवतं. चुकीचं टोक धरलं, तर दोरा हट्टानं बसून राहतो आणि शेवटी विळा शोधावा लागतो. उलट, अंगातल्या सदऱ्याचा एखादा टाका तुटला म्हणून काही बाही गळून पडत नाही. दोन्ही शिवणी यंत्राच्याच. मग हा फरक कसला? तो साधायला माणसाला फार दिवस लागले, आणि त्या खटपटीत काहींची आयुष्यं खर्ची पडली. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

आधी हातशिलाई पाहू या. अश्मयुगातल्या माणसांच्या हाडाच्या सुया उत्खननांत सापडल्या आहेत. त्यांचं रूप आजच्या सुईसारखंच : पुढे टोक, मागे नेढं. एवढ्याशा साधनातून हातानं किती तऱ्हा काढल्या! सगळ्यांत सोपा धावदोरा. सुई खाली-वर, खाली-वर धावते. आपली गोधडी ह्याच टाक्यावर उभी आहे. जुन्या लुगड्यांचे थर तो सपाट धरून ठेवतो, आणि एक ओळ तुटली तरी शेजारच्या ओळी गोधडी सांभाळतात. पण धावदोऱ्यात टाक्याटाक्यांमध्ये फट राहते. म्हणून जिथं ताण पडतो तिथं उलटी टीप घालायची : सुई एक पाऊल मागे घ्यायची आणि दोन पावलं पुढे काढायची. अशानं फट राहत नाही आणि शिवण पक्की होते. काठ दुमडून बसवायला हेम. त्यात सुई कापडाचे एकदोन धागेच उचलते, म्हणून टाका बाहेरून दिसत नाही. आणि काजाचा टाका तर वेगळाच. कापलेल्या कडेवर दर टाक्याला गाठ बसते, म्हणून बटण रोज काढलं-घातलं तरी कापडाचे धागे निघत नाहीत.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सुई कापडाच्या आरपार जाते आणि दोऱ्याला मागोमाग ओढून नेते. हे यंत्राकडून करवणं फार अवघड. कापडाच्या पलीकडे सुई धरून परत फिरवायला दुसरा हात हवा ना!

फ्रान्समधल्या बार्तेलमी तिमोनिए नावाच्या शिंप्यानं ह्यातून वाट काढली. त्याच्या यंत्राची सुई आकड्याची होती. ती खालचा दोरा फासासारखा वर ओढी, आणि पुढचा फास आधीच्या फासातून काढी. हा साखळीचा टाका. १८३० साली त्यानं पेटंट घेतलं आणि पॅरिसला ऐंशी यंत्रं बसवून लष्कराचे गणवेश शिवायला घेतले. पण पोटावर पाय येणार ह्या भीतीनं शिंप्यांच्या जमावानं १८३१ साली ती यंत्रं मोडून टाकली. तिमोनिए १८५७ साली गरिबीतच वारला. त्याचा साखळीटाका मात्र गोणीच्या तोंडावर आपण आजही पाहतो. शेवटचा फास सुटला, की एकामागून एक सगळे फास सुटतात. गोणीला तेच हवं असतं; अंगातल्या कपड्याला ते नको असतं.

खरी युक्ती पुढे अमेरिकेत निघाली. वॉल्टर हंट ह्यानं १८३३ च्या सुमारास सुईचं नेढं मागून काढून टोकाशी आणलं. आता सुईला आरपार जायचं कारण उरलं नाही. ती खाली जाते आणि किंचित वर उचलली जाताच दोऱ्याचा फास मागे राहतो. त्या फासातून धोटा दुसरा दोरा घेऊन निघून जातो. असे दोन दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. हंटनं पेटंट घेतलं नाही. ते १८४६ साली इलायस हाऊ ह्याला मिळालं. त्याचं यंत्र मिनिटाला अडीचशे टाके घाली. १८५१ साली आयझॅक सिंगरनं सुधारलेलं यंत्र आणलं, आणि पुढे हा टाका घरोघरी गेला.

एका अमेरिकन यंत्र-कंपनीनं १८६० च्या सुमारास आकडे जाहीर केले होते : हातानं एका सदऱ्याला चौदा तासांहून अधिक वेळ, यंत्रानं सव्वा तास. कंपनीचे आकडे म्हणून थोडी सूट धरली, तरी फरक मोठाच आहे. घरच्या बाईचे डोळे आणि बोटं वाचली. मोलानं शिवणाऱ्यांना मात्र त्याच मिळकतीसाठी अधिक कपडे शिवावे लागले. पॅरिसच्या शिंप्यांची भीती अगदीच वेडेपणाची नव्हती. तरीही यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानलं, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती कमाई. म्हणूनच गावातली एखादी बाई एका यंत्राच्या आधारावर घर चालवताना दिसते.

मग हातसुई संपली का? नाही. साडीला फॉल लावताना टाका बाहेरून दिसू द्यायचा नसतो. तिथं आजही हातच लागतो. उत्तम कोटाचं काज हातानंच करतात. न दिसणारं रफूही बहुधा हातानंच होतं.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक प्रयोग सुचवतो. यंत्रावर वरून तांबडा आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून एक पट्टी मुलांसमोर शिवा. ताण बरोबर असेल, तर वर नुसता तांबडा आणि खाली नुसता पांढरा दिसेल. वरचा ताण फार घट्ट केला, की पांढरे ठिपके वर डोकावतील. मग गोणीची शिवण शेजारी ठेवा आणि मुलांना दोन्ही उसवू द्या. कोणता टाका कुठं वापरावा, हे त्यांची बोटंच त्यांना सांगतील.