उपवास, लंघन आणि फराळ

गेल्या दहा-बारा वर्षांत ‘इंटरमिटंट फास्टिंग’ हा इंग्रजी शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत व घराघरांतल्या बोलण्यात जसाच्या तसा रूढ झाला आहे. दिवसाच्या ठराविक तासांतच आहार घ्यावा, उरलेला काळ पाण्यावर काढावा, त्याने वजन उतरते व प्रकृती सुधारते, असा त्याचा आशय. ही गोष्ट पूर्वजांना ठाऊकच होती, एकादशी म्हणजे हीच, असे समाधानही त्यासोबत व्यक्त होत असते. या समाधानात तथ्य किती, हे ठरविण्यास वैद्यकाआधी शब्दांकडे वळणे हिताचे आहे. मराठीत या क्षेत्रात एकच कल्पना नांदत नसून निरनिराळ्या उगमांच्या तीन कल्पना शेजारी शेजारी राहत आल्या आहेत.

‘उपवास’ या शब्दात मुळात उपाशी राहण्याचा अर्थ नाही. ‘उप’ आणि ‘वस्’ म्हणजे जवळ राहणे. यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी मुक्कामास येतात, म्हणून तो दिवस ‘उपवसथ’ होय, असे शतपथ ब्राह्मणाच्या अगदी आरंभीच सांगितले आहे. पाहुणे जेवले नाहीत तोवर यजमानाने जेवणे अशोभनीय. यातून न जेवण्याचा अर्थ त्या शब्दास चिकटला. पाली भाषेतील ‘उपोसथ’ याच घराण्यातला. मराठीतील ‘उपास’ हे रूप मात्र फार जुने नसावे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘प’ टिकत नाही. ‘उववास’ असेच तेथे रूप होते. ‘उपास’मध्ये ‘प’ शाबूत आहे, त्या अर्थी तो प्राकृतातून वाहत न येता संस्कृत शब्द पुन्हा उचलल्यानंतर जिभेवर आखूड झालेला, अर्धतत्सम म्हणावा असा दिसतो. मराठीने या दोन रूपांची वाटणीही करून घेतली आहे. व्रत तो उपवास. पण दुष्काळात होते ती ‘उपासमार’, तिला ‘उपवासमार’ कोणी म्हणत नाही. राजकीय मागणीसाठी होते ते ‘उपोषण’. तेही ‘वस्’ धातूचेच अपत्य.

शतपथातील याच प्रसंगाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. आषाढ सावयस नावाच्या आचार्याच्या मते अजिबात न खाणे हेच व्रत. याज्ञवल्क्याला ते पटत नाही. काहीच न खावे तर ते पितृकर्म ठरते, खावे तर देवांच्या आधी खाल्ल्याचा दोष लागतो; तेव्हा खाऊनही न खाल्ल्यासारखे जे असेल ते खावे, असा तोडगा तो काढतो. असे पदार्थ कोणते? ज्यांचा हवि दिला जात नाही ते. म्हणजे रानात उगवणाऱ्या वनस्पती व झाडांची फळे. यावर बर्कु वार्ष्ण नावाच्या एका गृहस्थाने, मग उडीद शिजवा, त्यांचाही हवि कोणी देत नाही, असे सुचविल्याचे त्या ग्रंथात नमूद आहे. कडधान्य हे तांदूळ-जवांना जोड म्हणून येते, असे सांगून ग्रंथकाराने ही पळवाट बंद केली आहे. उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही, हा आजही प्रत्येक घरात होणारा वाद इतका जुना आहे. बर्कु वार्ष्णाचे वंशज महाराष्ट्रात विपुल आहेत, असे म्हणण्यास हरकत नसावी.

या वादाचे तत्त्व ध्यानात घेतले की पुढील इतिहास उलगडतो. प्रश्न किती खाल्ले हा नाही. जे खाल्ले त्याची गणना ‘अन्ना’त होते की नाही, हा आहे. फलाहारावरून आलेल्या ‘फराळ’ या शब्दात ‘ळ’ आणि ‘र’ यांनी जागा बदलल्या. हा वर्णविपर्यय झाल्यावर त्यातले फळ कानाला ऐकू येईनासे झाले, आणि बहुधा म्हणूनच चकली-करंजीलाही तो शब्द निर्वेधपणे लागू पडला. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे अमेरिका खंडातील वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागल्या. त्या हविद्रव्यांत नव्हत्या, निषेधांच्या याद्यांतही नव्हत्या. साहजिकच उपवासाचे दार त्यांना मोकळे मिळाले. बटाटा हा नावासकट पोर्तुगीजांकडून आला. मुळात कॅरिबियन बेटांवर हे नाव रताळ्याचे होते. मराठीत ते बटाट्याने घेतले आणि रताळ्याला देशी नाव मिळाले. भुईमूग अमेरिकेचा, मिरचीही तिकडचीच. साबुदाण्याचे नाव मलायी ‘सागू’चे, म्हणजे एका ताडवर्गीय झाडाचे, परंतु आज जो खाल्ला जातो तो दक्षिण अमेरिकेतील कसाव्याच्या कंदाचा असतो, आणि सेलम येथे त्याचे कारखाने उभे राहिले ते विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात. साबुदाण्याच्या खिचडीत मूळचे भारतीय असे तूप आणि श्रद्धा एवढेच उरते. पिष्ट व स्निग्ध द्रव्ये यांनी भरलेले हे ताट वजन उतरविण्यास उपयोगी पडेल, अशी आशा कोणी धरू नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी उगाच केलेली नाही.

आरोग्याच्या विचाराचा शब्द निराळा आहे, तो ‘लंघन’. सीमोल्लंघनातला ‘लंघ्’ धातू ओलांडण्याचा; वैद्यकाने मात्र त्याचा संबंध ‘लघु’शी जोडला. शरीरास लाघव आणते ते लंघन, अशी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायाची व्याख्या आहे. तेथे लंघनाचे दहा प्रकार दिले आहेत : वमनादी चार शोधने, तहान सोसणे, वारा, ऊन, पाचन, उपवास आणि व्यायाम. उपवास हा त्या दहांतील केवळ एक, आणि त्याच्या पंगतीला व्यायाम बसलेला आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात अशीच यादी मांडताना ‘उपवास’ हा शब्दच टाळून ‘क्षुध्’ म्हणजे भूक असा शब्द योजला. यामागे छंदाची सोय असेल. परंतु व्रताचा वास त्यामुळे पूर्णपणे निघून गेला, हे खरे. शिवाय लंघन सरसकट सर्वांना सांगितलेले नाही. ते अतिपुष्टास व ठराविक विकारांत. कृशास त्याच्या उलट बृंहण. अति लंघनाची दुष्चिन्हेही तेथे दिली आहेत. मराठीने पुढे या दहा प्रकारांतले नऊ सोडून दिले. लंघन म्हणजे तापात पोट रिकामे ठेवणे, एवढाच अर्थ उरला.

मग आजच्या तासांच्या हिशेबाला परंपरेत काहीच जुळत नाही काय? जुळते, पण ते एकादशीच्या फराळात नसून व्रतशास्त्राच्या परिभाषेत आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात व्रतांचा प्रचंड संग्रह केला, विसाव्या शतकात पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात या साहित्याची छाननी केली. त्यात एकभुक्त (दुपारी एकदाच जेवणे), नक्त (दिवसभर न खाता रात्री जेवणे), अयाचित (न मागता मिळेल तेवढेच खाणे) आणि उपवास अशी चढती श्रेणी आढळते. येथे मोजमाप पदार्थाचे नसून वेळेचे आहे. एकभुक्ताचे अंतर तर सुमारे २४ तासांचे, म्हणजे आजच्या १६ तासांच्या नियमाहून कडक. माध्यान्हीनंतर आहार न घेण्याचा बौद्ध भिक्षूंचा नियमही याच जातीचा. हेतू मात्र कोठेही वजनाचा नाही. पुण्य, संयम, भिक्षा देणाऱ्यांची सोय असे हेतू आहेत. साम्य कृतीचे आहे, कारणाचे नाही. आणि कारण वेगळे असले की नियमही वेगळे होतात. एकभुक्त राहणारी गर्भवती वा कृश स्त्री व्रताच्या दृष्टीने प्रशंसनीय ठरेल, चरकाच्या दृष्टीने ती चुकत असेल.

आधुनिक महाराष्ट्रात या दोन धारा एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले. गांधीजींनी १९३३ च्या मे महिन्यात पुण्यास केलेला २१ दिवसांचा उपवास आत्मशुद्धीचा होता. १९४६ साली उरुळी कांचन येथे सुरू झालेल्या निसर्गोपचार आश्रमात उपवास हा उपचार झाला. पुढे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी दोन वेळाच जेवण्याचा विचार व्याख्यानांतून मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे अशी मर्यादा घालून, तो गावोगाव नेला. या विचाराची भाषा पुण्याची नव्हे, इन्शुलिनची आहे. म्हणून ती लंघनाच्या घराण्यात बसते.

प्रयोगांचे म्हणणे याहून सावध आहे. पेशी स्वतःचेच जीर्ण घटक पचविते त्या क्रियेच्या संशोधनाबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु ते संशोधन प्रामुख्याने किण्वपेशींवरील होते, माणसाच्या जेवणाच्या वेळांवरील नव्हे. चीनमधील ग्वांगझौ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग होऊन २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना सारखाच कमी आहार दिला. एकाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच घेतला. त्या गटाचे वजन सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे तेथे उपयोग झाला तो मुख्यतः कमी खाण्याचा, घड्याळाचा नव्हे.

रक्तातील साखर तपासण्यापूर्वी रुग्णास सूचना देताना ‘उपाशीपोटी या’ असे सांगितले जाते. ‘उपवास करून या’ असे सांगण्याची चूक सहसा कोणी करीत नाही. तसे सांगितल्यास रुग्ण खिचडी खाऊन येण्याचा संभव असतो, आणि भाषेच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकलेले नसते.