ओठांतील फिलरनंतरची सूज : कारणे, उपाय आणि धोक्याच्या खुणा

ओठ भरदार दिसावेत म्हणून फिलरची इंजेक्शने घेण्याची पद्धत आता महानगरांपुरती किंवा चित्रपटसृष्टीपुरती मर्यादित राहिलेली नाही. उपचारास जेमतेम अर्धा-पाऊण तास लागतो, रुग्णालयात राहावे लागत नाही आणि परिणाम तत्काळ दिसतो. मात्र घरी परतल्यावर, विशेषतः दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहताना, अनेकांच्या छातीत धस्स होते. ओठ अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक फुगलेले असतात, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी दिसते, क्वचित काळेनिळे डागही उमटतात. बहुतांश वेळा ही सूज निरुपद्रवी असते आणि काही दिवसांत उतरते. परंतु क्वचितप्रसंगी ती गंभीर गुंतागुंतीची पहिली खूण असू शकते. म्हणूनच सूज कमी करण्याचे उपाय आणि धोक्याची लक्षणे या दोहोंची माहिती असणे आवश्यक ठरते.

सूज का येते?

ओठांसाठी सध्या प्रामुख्याने हायलुरोनिक आम्लापासून बनविलेली जेल वापरली जाते. हा पदार्थ शरीरात निसर्गतःही असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये तो प्रथम गाईच्या डोळ्यातील द्रवातून वेगळा केला. पाणी धरून ठेवणे हा त्याचा मुख्य गुणधर्म होय. ओठांत सोडलेली जेल आजूबाजूचे पाणी ओढून घेते आणि त्यामुळे पहिल्या काही दिवसांत ओठ प्रत्यक्ष भरावापेक्षा मोठे दिसतात.

दुसरे कारण सुईची इजा. ओठांची त्वचा पातळ असून तेथे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सुईने झालेल्या सूक्ष्म जखमा भरून काढण्यासाठी शरीर त्या भागातील रक्तप्रवाह वाढवते आणि द्रव पेशींभोवती साचतो. सूज साधारणपणे पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वाधिक असते, तिसऱ्या दिवसानंतर ओसरू लागते आणि आठवडाभरात बरीचशी उतरते. अंतिम आकार समजण्यास मात्र किमान २ आठवडे लागतात. तोपर्यंत 'एक बाजू कमी झाली' म्हणून पुन्हा भराव करून घेण्याची घाई करू नये.

पहिले ४८ तास

थंड शेक हा सर्वांत साधा आणि परिणामकारक उपाय आहे. बर्फाचे खडे स्वच्छ, पातळ सुती कापडात गुंडाळून ओठांवर अलगद टेकवावेत. एका वेळी ५ ते १० मिनिटे शेक पुरेसा असून, मध्ये विश्रांती देऊन दिवसातून काही वेळा तो घेता येतो. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये, दाबूही नये. भूल पूर्ण उतरेपर्यंत विशेष जपावे, कारण बधिर ओठांना बर्फाचा चटका जाणवत नाही.

झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घ्यावी आणि पाठीवर झोपावे. डोके उंच राहिल्याने चेहऱ्यात द्रव कमी साचतो. सकाळी उठल्यावर सूज अधिक वाटणे आणि दिवस चढेल तशी ती कमी होणे स्वाभाविक आहे.

ज्याने रक्तप्रवाह वाढतो ते सर्व किमान एक ते दोन दिवस टाळावे. व्यायामशाळा, धावणे, कडक उन्हात फिरणे, वाफारा आणि खूप गरम पाण्याची अंघोळ यांचा त्यात समावेश होतो. मद्यपानानेही सूज आणि रक्त साकळणे वाढते. धूम्रपानामुळे जखम भरण्यास विलंब होतो.

ओठ चोळणे, चिमटीत धरून गाठ लागते का ते पाहणे, हे मोह आवरावेत. लहानशी गाठ पहिल्या काही दिवसांत लागणे नेहमीचे असून, मालीश डॉक्टरांनी सांगितले तरच आणि दाखविले तसेच करावे. पहिले २४ तास लिपस्टिक लावू नये, कारण सुईची छिद्रे बुजलेली नसतात.

खाणेपिणे आणि औषधे

ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा-कॉफी घेऊ नये, भाजण्याची किंवा ओठ चावला जाण्याची शक्यता असते. पुढील दोन दिवस ठेचा, झणझणीत रस्सा असे तिखट पदार्थ वर्ज्य करावेत. लोणचे, पापड, फरसाण यांसारख्या खारट पदार्थांनी शरीरात पाणी साचते, म्हणून तेही बेतानेच घ्यावेत. दहीभात, खिचडी, वरणभात असा मऊ, कोमट आहार सोयीचा पडतो. पाणी भरपूर प्यावे.

वेदना होत असल्यास पॅरासिटामॉल घेता येते. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन यांमुळे रक्त साकळून डाग पडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ही औषधे, तसेच माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या, उपचाराच्या आधी काही दिवस टाळण्याचा सल्ला दिला जातो. मात्र हृदयविकार किंवा पक्षाघातासाठी सुरू असलेले अॅस्पिरिन वा रक्त पातळ करणारे औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. सौंदर्योपचार पुढे ढकलता येतो. हृदयविकाराचा झटका ढकलता येत नाही.

खाज आणि सूज दोन्ही असल्यास डॉक्टर अॅलर्जीविरोधी गोळी देतात. स्टेरॉइडच्या गोळ्या काही मोजक्या प्रसंगी दिल्या जातात, त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. अर्निका आणि अननसातील ब्रोमेलेन यांचा बराच गवगवा असला, तरी त्यांच्या उपयुक्ततेचा पुरावा तोकडा आहे. हळदीचा लेप, तुरटी, चुना असे घरगुती प्रयोग ताज्या छिद्रांवर करू नयेत. त्यातून जंतुसंसर्ग किंवा त्वचेचा दाह होऊ शकतो.

या खुणा दिसल्यास थांबू नका

सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे रक्तवाहिनी बंद होणे. वरच्या आणि खालच्या ओठांना रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत जेल शिरली किंवा तिचा बाहेरून दाब पडला, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरीफटक पडणे, नंतर जाळीदार निळसर-जांभळी नक्षी उमटणे, तो भाग गार लागणे आणि सुजेच्या मानाने फारच तीव्र किंवा वाढत जाणारी वेदना होणे ही तिची लक्षणे. वेदना नाही म्हणून निश्चिंत राहू नये, कारण भुलीमुळे ती सुरुवातीला झाकली जाते. ही लक्षणे ओठांपुरती न राहता नाकाच्या कडेपर्यंतही पसरू शकतात.

घरी एक साधी चाचणी करता येते. त्वचा बोटाने हलकेच दाबून सोडली की ती पांढरी पडते आणि साधारण दोन सेकंदांत पूर्ववत होते. रंग परतण्यास बराच वेळ लागत असेल, तर लगेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गाठावे. अशा वेळी बर्फ लावणे थांबवावे, कारण थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकुंचन पावतात. जेल विरघळविणारे हायलुरोनिडेज हे विकर टोचून रक्तप्रवाह पूर्ववत करता येतो, परंतु तासागणिक पेशी मरण्याचा धोका वाढतो. म्हणूनच 'उद्या सकाळी पाहू' हा विचार महाग पडू शकतो. दिसण्यात अचानक बिघाड झाल्यास तर एक क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

अॅलर्जीची सूज वेगळी असते. ती झपाट्याने वाढते, जीभ आणि घसा सुजतो, अंगावर गांधी उठतात, श्वास घेणे अवघड होते. येथे तातडीच्या उपचारांखेरीज पर्याय नाही. काही दिवसांनी ओठ लाल, गरम, ठणकणारे झाले, पू किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग समजावा. ओठांवर पूर्वी तापाचे फोड, म्हणजेच नागिणीच्या वर्गातील हर्पिसचे फोड येत असतील, तर इंजेक्शनमुळे ते पुन्हा उसळू शकतात. ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगितल्यास प्रतिबंधक गोळ्या देता येतात.

उशिरा येणारी सूज

काही जणांत आठवडे किंवा महिने उलटल्यावर ओठ अचानक सुजतात. फ्लूसारखा आजार, दातांचा संसर्ग किंवा लसीकरण हे निमित्त ठरू शकते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मॉडर्नाच्या कोविड लसीच्या चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा पूर्वी फिलर घेतलेल्या मोजक्या व्यक्तींना चेहऱ्यावर वा ओठांवर सूज आल्याची नोंद झाली. ती सूज नंतर उतरली. त्यामुळे लस टाळण्याचे कारण नाही, मात्र फिलर घेतल्याचे डॉक्टरांना सांगावे. दातांचे उपचार आणि फिलर यांत दोन आठवड्यांचे अंतर ठेवणे इष्ट.

आधीच घेतलेली काळजी

सूज किती येईल आणि उपचार किती सुरक्षित ठरेल, हे बऱ्याच अंशी सुई कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडेच, आणि तेथे हायलुरोनिडेज उपलब्ध असल्याची खात्री करूनच, हा उपचार घ्यावा. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा घरी मागविलेल्या साधनांनी तो करू नये. सुईविना दाबाने जेल सोडणाऱ्या 'हायलुरॉन पेन'विरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा दिला आहे. द्रवरूप सिलिकॉन तर पूर्णपणे टाळावे, कारण ते विकराने विरघळत नाही. गर्भवती आणि स्तनदा मातांनी हा उपचार पुढे ढकलावा.

लग्नसराईत अनेक जण समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी ओठांचा उपचार करून घेतात आणि ऐन सुजेच्या काळात छायाचित्रांना सामोरे जातात. समारंभापूर्वी किमान तीन-चार आठवडे हाती ठेवल्यास सूज, डाग आणि आवश्यक ती दुरुस्ती या सर्वांना वेळ मिळतो. साध्या सुजेवर संयम हेच औषध होय. रंग बदललेल्या, गार पडलेल्या किंवा असह्य दुखणाऱ्या ओठांबाबत मात्र संयम बाळगू नये.