क्योतोचे परिषदगृह : जुन्या नगरीतील नवी वास्तू

प्राचीन नगरीत नवी इमारत उभारावयाची झाल्यास तिचे रूप कसे असावे, हा प्रश्न जगातील अनेक शहरांपुढे उभा राहिलेला आहे. जपानमधील क्योतो शहराने या प्रश्नाला दिलेली उत्तरे आमच्या वाचकांना विचार करावयास लावतील, असे वाटल्यावरून ती हकीकत येथे सादर करीत आहोत.

इ. स. ७९४ पासून हजारांहून अधिक वर्षे क्योतो ही जपानची राजधानी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, अमेरिकेने अणुबाँबसाठी निवडलेल्या शहरांच्या यादीत तिचेही नाव होते. परंतु अमेरिकेचे तत्कालीन युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी आग्रह धरून ते वगळविले. अशा रीतीने येथील देवळे, उद्याने आणि लाकडी घरांच्या आळ्या वाचल्या. पुढील पिढीवर मात्र त्या जुन्या धनाच्या शेजारी शोभेल असे नवे बांधण्याची जबाबदारी येऊन पडली.

युद्धातून सावरलेल्या जपानला जगातील राष्ट्रांच्या सभा भरविण्यासाठी एक भव्य वास्तू हवी होती. त्यासाठी १९६३ साली आराखड्यांची स्पर्धा झाली व तीत साचिओ ओतानी (१९२४–२०१३) यांची योजना पसंत पडली. ओतानी हे विख्यात वास्तुविशारद केन्झो तांगे यांचे सहकारी. हिरोशिमा येथील शांतिस्मारकाच्या कामात त्यांनी भाग घेतला होता. ज्या गृहस्थाने भस्मसात झालेल्या शहरात स्मारक उभारण्यास हातभार लावला, त्याच्याच हाती वाचलेल्या शहरातील सभागृहाचे काम आले, ही गोष्ट आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते.

शहराच्या उत्तरेस, डोंगरांच्या कुशीत, ताकारागाइके नावाच्या तळ्याकाठी १९६६ साली हे परिषदगृह खुले झाले. एवढी अवाढव्य वास्तू एकाच चौकोनी ठोकळ्यासारखी बांधली असती, तर मागील डोंगर झाकले गेले असते. ओतानी यांनी तिची अनेक भागांत विभागणी केली. काही भाग पायथ्याशी रुंद व माथ्याशी अरुंद, तर काही नेमके याच्या उलट. एक टोपली पालथी व तिच्या शेजारी दुसरी उताणी ठेवली, की दोहींच्या तिरप्या बाजू एकमेकींना बिलगतात. तसाच काहीसा हा मेळ आहे. भिंती व खांब काँक्रीटचे, परंतु सरळ उभे न राहता तिरपे झुकलेले.

या उताराचा अर्थ जपानी माणसास सांगावा लागत नाही. तेथील डोंगराळ भागांत गवताने शाकारलेली, अतिशय उतरत्या छपरांची जुनी घरे आहेत. त्या छपरांना जोडलेल्या हातांची उपमा देतात. आपल्या नमस्काराचीच ती आकृती! ओतानी यांनी जुन्या घराची किंवा देवळाची नक्कल केली नाही. गवत वा कौले काँक्रीटवर चढविली नाहीत. जुन्या बांधणीतील उतार तेवढा घेतला आणि तो नव्या साहित्यात उतरविला.

या वास्तूत १९७० साली जगातील प्रमुख धर्मांच्या प्रतिनिधींची शांतता परिषद भरली. तीत यहुदी प्रतिनिधीही होते. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये हवामानविषयक जो करार ‘क्योतो करार’ म्हणून प्रसिद्धीस आला, तो येथेच संमत झाला.

त्याच १९९७ साली हिरोशी हारा यांनी रचलेले क्योतोचे नवे रेल्वे स्थानक पुरे झाले. त्याची उंची सुमारे ६० मीटर व लांबी सुमारे ४७० मीटर. आत १७१ पायऱ्यांचा प्रचंड जिना व दरीसारखा मोकळा चौक आहे. ही भिंत शहराचे दोन तुकडे करील, असा आक्षेप अनेक नागरिकांनी घेतला. तर नव्या काळाला नवे महाद्वार हवे, असे इतरांचे म्हणणे पडले. वाद बराच काळ चालला. अखेर २००७ साली शहराने मध्यभागातील इमारतींची उंचीची मर्यादा ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली.

आकारांची अशी गुंफण इतरत्रही झाली आहे. मुंबईच्या कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या ‘कांचनजंगा’ इमारतीत (१९८३) ३२ घरे एकमेकांत गुंतवून त्यांना दुमजली उंचीचे सज्जे दिले आहेत. ऊन व पाऊस अडविणारा जुन्या बंगल्याचा व्हरांडाच तेथे उंच चढला आहे. इकडे बात यामच्या नगरपालिका भवनात आल्फ्रेड नॉयमन, त्स्वी हेकर व एल्दार शारोन यांनी १९६० च्या दशकात असाच बहुकोनी आकारांचा प्रयोग केला.

आपली कुटुंबे कोकणातील उतरत्या छपरांची, ओटी-पडवीची घरे सोडून लोद, रामले, बेर शेवा व दिमोना येथील चौकोनी शिकूनांत राहावयास आली. जुने घर कोणासही उचलून आणता आले नाही. त्यातील काय टिकवावे व कोणत्या नव्या रूपात, हा प्रश्न घरोघरी अजूनही निघतो. ओतानी यांच्या परिषदगृहाकडे पाहताना आम्हांस वाटते, की जुन्याची हुबेहूब प्रतिकृती करणे अथवा ते सर्वस्वी टाकून देणे, एवढे दोनच मार्ग नसतात. आमच्या तरुण वाचकांनी आपल्या वडीलधाऱ्यांस जुन्या घराची रचना विचारावी, आणि जमल्यास ती कागदावर उतरवून ठेवावी, इतकीच आमची विनंती आहे.