परतूरची परिषद

आष्टी हें नांव महाराष्ट्राच्या इतिहासांत बहुधा रक्तपाताच्या संगतीनें येतें. सोलापुराकडील आष्टीस १८१८ सालीं बापू गोखले धारातीर्थीं पडले. वर्ध्याकडील आष्टीनें १९४२ सालीं गोळीबार सोसला. जालना जिल्ह्यांतील आष्टीच्या वांट्याला असली कीर्ति आली नाहीं. परंतु हें गांव ज्या परतूर तालुक्यांत मोडतें, त्या तालुक्यानें एका निराळ्या उद्योगाचा आरंभ पाहिला आहे. तंटा विकोपास जाऊं न देतां त्याला सनदशीर वाट करून देणें, आणि तेंही सरकार व शस्त्र या दोहोंपासून दूर राहून, हा तो उद्योग होय.

जालना जिल्हा १९८१ सालीं झाला. त्यापूर्वीं परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत असे, आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानांत. या संस्थानांतील बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी व कानडी बोलणारी. दरबारची, कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. १९२९ च्या सुमारास निघालेल्या 'गश्ती ५३' या हुकमाप्रमाणें सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी आधीं घ्यावी लागे. गाऱ्हाणीं पुष्कळ होतीं, पण तीं बोलून दाखविण्यास जागा नव्हती. अशी जागा नसली म्हणजे गाऱ्हाणें एक तर धर्माच्या आश्रयास जातें, नाहीं तर लाठीच्या.

तेलुगु भागांत आंध्र महासभा आधींच निघालेली होती. तिच्यामागून मराठी भागाची महाराष्ट्र परिषद उभी राहिली, आणि १९३७ सालीं तिचें पहिलें अधिवेशन परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. मनमाड-हैदराबाद लोहमार्गावरचें हें लहानसें गांव. मराठवाड्याच्या दोन्ही टोकांकडून येणारांस तें सोयीचें. परिषदेनें पाया धरला तो भाषेचा, धर्माचा नव्हे. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाहीं. भाषेच्या नांवानें जमलेल्या सभेचें दार तत्त्वतः शेजारच्या मुसलमानासही उघडें राहतें.

या तत्त्वाची कसोटी लागलीच पुढल्या वर्षीं लागली. १९३८ च्या एप्रिलांत हैदराबाद शहरांत हिंदुमुसलमानांचा दंगा झाला. सप्टेंबरांत सरकारनें स्टेट कॉंग्रेसवर बंदी घातली. तीही संस्था रीतसर स्थापन होण्याच्या आधींच! २४ ऑक्टोबर रोजीं सत्याग्रह सुरू झाला आणि पहिल्या तुकडीचे पुढारी पुन्हा नानलच होते. परंतु याच दिवसांत आर्य समाज व हिंदुमहासभा यांनींही आपापले सत्याग्रह आरंभिले. सर्व चळवळी एका माळेंत ओवून त्यांस जातीय ठरविणें सरकारला सोपें झालें. तेव्हां गांधीजींच्या सल्ल्यानें स्टेट कॉंग्रेसनें २४ डिसेंबरला आपला सत्याग्रह थांबविला.

ज्यांनीं तुरुंग पत्करला होता त्या तरुणांस ही माघार कडू लागली, आणि तें साहजिकच होतें. तथापि आपलें भांडण राजवटीशीं आहे, शेजाऱ्याशीं नाहीं, हें पटवून देण्यास त्या घटकेस दुसरा मार्ग नव्हता. खेद इतकाच कीं, सरकारनें या संयमाची किंमत ओळखली नाहीं. बंदी १९४६ पर्यंत कायम राहिली. मध्यस्थी करूं शकेल अशी संस्थाच जेव्हां बेकायदा ठरते, तेव्हां मैदान कोणाच्या हातीं जातें हें पुढील दोन वर्षांनीं दाखविलें. एकीकडे लातूरचे वकील कासिम रझवी यांचे रझाकार, दुसरीकडे सरहद्दीवरील सशस्त्र तळ. स्वामी रामानंद तीर्थ १५ ऑगस्ट १९४७ लाच पकडले गेले होते. शेवटीं १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पांच दिवसांत भारताच्या सैन्यानें निजामी राजवट संपविली.

मुक्तीचा आनंद खरा होता. त्याच्या पाठोपाठ जें घडलें तेंही खरें आहे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड अनेक गांवीं निरपराध मुसलमानांवर उगविण्यांत आला. चौकशीसाठीं भारत सरकारनें जी मंडळी धाडली तींत मंत्री वा अंमलदार नव्हते. पंडित सुंदरलाल हे गांधीजींचे अनुयायी, आणि काझी अब्दुल गफ्फार हे हैदराबादच्या 'पयाम' पत्राचे एके काळचे संपादक. नोव्हेंबर-डिसेंबरांत ते गांवोगांव हिंडले. मृतांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागल्याचें त्यांनीं नमूद केलें. त्यांचा अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं, हें समेटाच्या कार्यास साहाय्यक झालें असें म्हणवत नाहीं.

त्याच अहवालांत आणखी एक नोंद आहे. एका धंद्यांतील माणसांचा परस्परांविषयींचा जिव्हाळा या धामधुमींतही टिकून होता. कित्येक ठिकाणीं हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांस आश्रय दिला, त्यांच्यावर चालून आलेल्या हिंदूंना अडविलें, आणि त्यांत कांहींनीं स्वतःचे प्राणही गमावले. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांचा शोध लावण्यांतही पुष्कळ हिंदूंनीं साहाय्य केलें.