आठ आण्यांचा फॉर्म

छत्री मिटा आणि अंगणात या. जांभ्याचा चिरा निसरडा झालाय, जरा जपून. आज 12 जून 1946. रत्नागिरीत पाऊस लागलाय, आगबोटी बंद आहेत आणि एस.टी. जन्माला यायला अजून दोन वर्षं आहेत. परत कसं जायचं, हे आत्ता विचारू नका.

ठाकूर वकिलांकडे लग्न आहे, पण मांडव शोधू नका. लग्न नोंदणीचं. खर्च म्हणाल तर फॉर्मचे आठ आणे. मुलगी सुनीता, बेचाळीसच्या चळवळीत पडलेली. जावई सव्वीस वर्षांचा, पेटी वाजवतो, नकला करतो. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. पोटापाण्याला नेमकं काय करतो, हे एका दमात सांगणं आज अवघड आहे. पुढे तर अशक्यच होणार आहे.

सह्या झाल्या. आता मधल्या आळीकडे वळा. पडवीत बसलेला म्हातारा तुमच्या मनगटाकडे बघतोय.

"घड्याळ झकास हो! चालतंय, की नुसतंच बांधलंय?"

तुम्ही हसायच्या बेतात असता, पण तो हसत नाही. सुपारी अडकित्त्यात धरतो, थांबतो. मग कट्. त्या आवाजाबरोबर तुमचं हसू फुटतं. हे नीट बघून ठेवा. विनोद वाक्यात नव्हता, वाक्य आणि अडकित्ता यांच्या मधे होता.

आता तेरा वर्षं ओलांडा. 15 सप्टेंबर 1959, दिल्ली. टेलिव्हिजन म्हणजे आकाशवाणीचाच एक कोपरा, कार्यक्रम आठवड्यातून दोनदा, संच मोजकेच. दिव्यांच्या उष्णतेनं तुमची कॉलर भिजते. सगळं थेट, चुकलं तर पुसायची सोय नाही. या माध्यमाच्या पहिल्यावहिल्या निर्मात्यांत रत्नागिरीचा तो जावई आहे. बीबीसीत वर्षभर शिकलाय, आणि त्याआधी 'गुळाचा गणपती' या चित्रपटात लेखन, दिग्दर्शन, संगीत, अभिनय सगळं एकट्यानं उरकलंय. पंडित नेहरूंची इथल्या टेलिव्हिजनवरची पहिली मुलाखतही त्याच्याच नावावर आहे.

पण माझं विचाराल तर बीबीसीचं शिक्षण दुय्यम. कॅमेरा जवळ आला की ओरडायचं नसतं, पडवीतल्यासारखं बोलायचं असतं, हे ज्यानं कोकणातल्या ओटीवर ऐकलंय त्याला लंडनला जाऊन शिकावं लागत नाही.

पटत नसेल तर मुंबई दूरदर्शनवर त्यानंच सादर केलेलं 'अंतू बर्वा' हे त्याचं व्यक्तिचित्र बघा. एकच माणूस. नेपथ्याचं अवडंबर नाही. रत्नागिरीत वीज आली, त्यावर अंतूशेट काय बोलले ते तो सांगतो आणि थांबतो. हातात अडकित्ता नाही, पण थांबण्याची जागा तीच. प्रेक्षक हसतात; मग अंतूशेटचं दारिद्र्य लक्षात येतं आणि ते गप्प होतात. हशानंतरची ती शांतता राखायला दिग्दर्शक लागतो. हल्लीच्या कार्यक्रमांत तिथे ध्वनिमुद्रित हशा भरतात.

शेवटचा टप्पा पुण्यात. पावसाळा नुकता लागलाय. पु. ल. गेले. घड्याळात तारीख बघा: 12 जून 2000, आठ आण्यांच्या त्या फॉर्मला बरोबर चोपन्न वर्षं झाली.