वाकड्या शेपटाचा इतिहास

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हण माणसाच्या स्वभावाविषयी आहे. पण तिच्यासाठी दाखला शोधला तो कुत्र्याचा. स्वभावाला औषध नाही, ह्या समजुतीचे ओझे त्या मुक्या प्राण्याने पिढ्यानुपिढ्या वाहिले आहे. आज आमच्या बंगळुरात ह्या म्हणीशी वाद घालणे हाच ज्यांचा व्यवसाय, अशी माणसे आहेत. घरचे कुत्रे आल्यागेल्याच्या अंगावर धावू लागले, मांजर दिवस दिवस पलंगाखालून निघेना, फटाक्यांच्या आवाजाने एखादे जनावर दाराची लाकडे कुरतडू लागले, म्हणजे लोक त्यांस बोलावतात. इंग्रजीत त्यांस बिहेविअर कन्सल्टंट म्हणतात. आम्ही त्यांस वर्तन-सल्लागार म्हणू.

जनावराच्या स्वभावासाठी पैसे मोजून सल्ला घ्यावयाचा, हे ऐकून आमच्यापैकी पुष्कळांस हसू येते. साहेबाचे पाहून घेतलेले हे श्रीमंती चोचले आहेत, असा शेरा आम्ही मराठी बैठकींतून कितीदा तरी ऐकला आहे. हा शेरा इतिहासाच्या कसोटीस उतरतो काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभ बंगळुराच्या सरकारी वस्तुसंग्रहालयातील एका शिळेपासून करू. मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावी सापडलेला हा लेख शके ८७२, म्हणजे इसवी सनाच्या ९४९-५० मधला. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा गंगवंशी मांडलिक बूतुग ह्यांनी तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव केला. त्या युद्धात मणलेर नावाच्या वीराने पराक्रम गाजविला. त्यास बक्षीस काय हवे, असे विचारले तेव्हा त्याने गाव मागितले नाही की सोने मागितले नाही. काळी नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे ह्या काळीने एका प्रचंड रानडुकराशी झुंज घेतली आणि त्या झुंजीत दोन्ही जनावरे मेली. मालकाने देवळासमोर शिळा उभी केली आणि तिच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली. ज्या संतापापायी आज एखादे कुत्रे घराबाहेर काढले जाते, त्याच संतापाचे हजार वर्षांपूर्वी असे स्मारक झाले.

हा मान केवळ कानडी मुलुखाचा नव्हे. आपला खंडोबा आणि कर्नाटकाचा मैलार हे एकच दैवत, आणि दोन्हीकडे त्याच्या पायाशी कुत्रा आहे. साताऱ्यानजीक संगम माहुली येथे शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवितात. त्याने धन्यास वाघापासून वाचविले अशी आख्यायिका आहे. मुधोळ गाव कानडी, पण तेथील राजघराणे घोरपड्यांचे. त्या घराण्याने जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांची जोडी मालोजीराजांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने ह्या जातीच्या सन्मानार्थ तिकीट काढले. मुधोळचे कुत्रे उंच, सडपातळ आणि वाऱ्यासारखे पळणारे. दुरून हालणारी वस्तू दिसली की तिच्यामागे धावावे आणि परक्याचा हात अंगास लागू देऊ नये, हे त्याच्या रक्तात आहे. माळरानावर हे गुण. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत तेच अवगुण ठरतात. कुत्रे बदलले नाही. त्याच्याभोवतीचे घर बदलले.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की भ्यालेल्या वा चवताळलेल्या जनावराचे मन वळविण्याची विद्या आमच्याकडे होती काय? होती, पण ती कुत्र्याच्या नव्हे, हत्तीच्या संबंधात वाढली. ह्याचे कारण उघड आहे. कुत्रे बिघडले तर त्यास हाकलता येते. राजाच्या सैन्यातील हत्ती बिघडला तर त्याच्याशी समजुतीनेच घ्यावे लागते. पालकाप्य मुनीने अंगदेशाच्या रोमपाद राजास सांगितलेला म्हणून प्रसिद्ध असलेला हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून काढला, ही गोष्ट मराठी वाचकांस अभिमानाची वाटावी. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासाचे शंभर अध्याय आहेत. हत्ती, घोडे आणि कुत्री ह्या तिघांचाही विचार त्यात आला आहे. केरळातील नीलकंठाच्या मातंगलीलेत हत्ती धरण्याच्या पाच रीती सांगून त्यांपैकी दोन, त्यांत जनावराचा नाश होतो म्हणून, टाळाव्या असे म्हटले आहे. ह्याहून मोलाची गोष्ट त्याच ग्रंथात पुढे आहे. रानातून गावात आणलेला हत्ती बंधनाने, भयाने, शोकाने आणि कठोर शब्दांनी खंगत जातो, असे ग्रंथकार सांगतो. जनावरास मन असते आणि त्या मनाला आजार जडतो, हे आमच्या पूर्वजांनी ग्रंथात लिहून ठेवले होते.

इकडे ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोनने अश्वारोहणावर जे पुस्तक लिहिले, त्यात रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, आणि तो ज्या वस्तूला बिचकतो ती वस्तू भयंकर नाही हे त्यास हळूहळू पटवावे, असा उपदेश आहे. मारून पुढे ढकलले तर त्याचे भय वाढते, असेही तो बजावतो.

ह्यावरून प्राचीनांचा काळ दयेचाच होता असे कोणी समजू नये. म्हैसूर संस्थानात सँडरसन ह्या अधिकाऱ्याने १८७३-७४ च्या सुमारास सुरू केलेला खेडा १९७१ पर्यंत चालला. कळपच्या कळप कुंपणात कोंडावयाचे, पायांत दोर अडकवावयाचे आणि उपासाने व थकव्याने त्यांचा जोम मोडावयाचा, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी की नव्या हत्तीजवळ माणूस एकटा जात नसे. माणसाळलेले हत्ती दोन्ही अंगांस उभे करीत, आणि पुढे रोज तोच माहूत, तेच गाणे, तोच उसाचा तुकडा. सँडरसनने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात हत्तीच्या सौम्यपणाची आणि सोशिकपणाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. अंकुश आणि ऊस, दोन्ही माहुताच्या हाती होते. कोणते किती वापरावे, हे त्या माहुतावर अवलंबून असे. शास्त्र मात्र कोणी लिहीत नव्हते.

ते शास्त्र विसाव्या शतकात लिहिले गेले, आणि त्याच्या दोन शाखा निघाल्या. एक शाखा शिस्तीची. जर्मनीतील कोनराड मोस्ट ह्याने १९१० साली पोलिसी व लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणाचे पुस्तक लिहिले; त्यात सक्तीला मोठे स्थान होते. पुढे १९४७ साली शेंकेल ह्याने कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि कळपात एक पुढारी असतो, तो इतरांस दाबून ठेवतो, ही कल्पना रूढ झाली. मालकानेही कुत्र्याचा असाच पुढारी व्हावे, त्यास उताणे पाडावे, मानेस हिसडा द्यावा, असा सल्ला जगभर पसरला. ह्या कल्पनेच्या प्रसारास ज्यांच्या १९७० च्या पुस्तकाने हातभार लावला त्या डेव्हिड मेक ह्यांनीच १९९९ साली लिहून कळविले, की मोकळ्या रानातील लांडग्यांचा कळप हे बहुधा एक कुटुंब असते, आणि तेथील पुढारी म्हणजे पिल्लांचे आईबाप. पण शास्त्रज्ञाने चूक सुधारली तरी ती गल्लीपर्यंत पोहोचावयास पिढी जाते. बंगळुरात अजूनही काठी हातात घेऊन ‘आठ दिवसांत सरळ करतो’ म्हणणारे भेटतातच.

दुसरी शाखा भयाच्या अभ्यासाची. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला आणि पावलोव्हच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचली. वाचली खरी, पण त्यांपैकी काहींचे सारे शिकलेले धुऊन गेले. पुढे बरी झाल्यावरही दाराखालून पाण्याची बारीक धार सोडताच ती पुन्हा ढासळली. भय हे खोडकरपण नव्हे, तो मज्जातंतूंवर उठलेला ओरखडा आहे, हे त्या पुराने दाखविले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स ह्या विदुषीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात आणावयाचा, दुसऱ्या दिवशी थोडा जवळ, तिसऱ्या दिवशी आणखी जवळ. शेवटी पीटर सशाच्या अंगावरून हात फिरवू लागला. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे ह्याने पिंजऱ्यात विजेचे धक्के देऊन भेदरविलेल्या मांजरांवर हाच उपाय करून पाहिला आणि १९५८ साली त्यावरून माणसांच्या भयाची चिकित्सा उभी केली. बंगळुरातील निम्हान्ससारख्या संस्थांतून भयग्रस्त माणसांवर जे वर्तनोपचार होतात, त्यांचे मूळ असे एका बालकाच्या सशात आणि मांजराच्या पिंजऱ्यात आहे. १९६५ साली अमेरिकेत स्कॉट आणि फुलर ह्यांनी आणखी एक गोष्ट मांडली: पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्यापर्यंतच्या काळात माणूस, आवाज आणि जग ह्यांची ओळख व्हावी लागते, तो काळ निसटला तर जन्मभर संशय उरतो.

आता बंगळुराकडे वळू. पेन्शनरांचे गाव म्हणून ह्या शहराची ख्याती होती त्या दिवसांत बसवनगुडीत किंवा मल्लेश्वरात घरासभोवती आवार असे, आणि कुत्र्यास फाटकाशी भुंकण्याचे काम असे. आवारे गेली, इमारती उभ्या राहिल्या. भुंकणे मात्र उरले. पेटीएवढ्या उद्वाहकात अनोळखी माणसे नाकाशी येऊन उभी राहतात. रस्त्यावर निराळीच कथा. २००७ च्या जानेवारी ते मार्चच्या काळात भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यांत येथे दोन लहान मुलांचे प्राण गेले. शहर हादरले, कुत्री धरण्याची मोहीम निघाली आणि पुष्कळ कुत्री मारली गेली. मुले गमावलेल्या आईबापांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद थिटा आहे. तरी एवढे म्हणावेसे वाटते, की भ्यालेला माणूस आणि भ्यालेले जनावर एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा दोघांपैकी एकाने तरी शहाणे असावे लागते, आणि ते काम माणसाचे आहे. त्याच शहरात क्रिस्टल रॉजर्स ह्या इंग्रज बाईंनी १९९१ साली ‘क्यूपा’ ही प्राणिसेवेची संस्था काढली होती, हेही विसरता कामा नये.

अशा घरी सल्लागार येतो तेव्हा तो प्रथम काय करतो? काहीच करीत नाही. तो विचारतो. जनावर कोठून आले, किती आठवड्यांचे असताना आले, पहिल्यांदा केव्हा गुरगुरले, कोणावर, किती अंतरावरून, त्याआधी काय घडले? मग तो पशुवैद्याकडे पाठवितो. कारण दुखणारा दात, पिकलेला कान किंवा आखडलेला सांधा ह्यांनी सुस्वभावी जनावरही चावरे होते. चावा झाला असेल तर जखम धुऊन माणसाने दवाखाना गाठावा, ह्यात तडजोड नाही. त्यानंतर जाळीदार मुसके गोडीने सवयीचे करणे, पाहुणे येताना वेगळी खोली, मुलांना जेवणाऱ्या कुत्र्यापासून दूर ठेवणे, असा बंदोबस्त. आणि मग पीटरचा ससा: परका माणूस रस्त्यापलीकडे दिसला की लगेच मांसाचा तुकडा, माणूस दिसेनासा झाला की तुकडा बंद. अंतर कमी करावयाचे ते जनावराच्या गतीने, आपल्या नव्हे.

सर्वांत अवघड धडा मालकासाठी असतो: गुरगुरण्याबद्दल मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. मारून ती बंद केली तर भय तसेच राहते आणि पुढच्या वेळी सूचनेवाचून दात लागतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. ते संतास शोभले. भ्यालेल्या कुत्र्यामागे आपण तूप घेऊनही धावू नये. वाटी ठेवावी, बाजूला बसावे, आणि त्यास येऊ द्यावे.

ह्या विद्येच्या मर्यादा सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. वकिली-वैद्यकीप्रमाणे ह्या व्यवसायास आमच्याकडे सनद लागत नाही. तेव्हा सल्लागार निवडताना तो हमी देतो की प्रश्न विचारतो, हे पाहावे. हमी देणाऱ्यास नमस्कार करून वाटेस लावावे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावरास मारहाण करणे हा गुन्हा ठरला आहे, हेही त्यास सांगावे. काही जनावरांस औषधही लागते. काही पूर्णतः बरी होत नाहीत. त्यांच्याभोवती घराचीच मांडणी बदलावी लागते, आणि कधी काळी ते जनावर त्या घरात राहू शकत नाही, हे सत्यही सोसावे लागते. महिने लागतात. पण ह्या महिन्यांचे मोल असे, की त्यांच्या अखेरीस पुष्कळदा एक मूल निर्धास्त होते आणि एक जनावर रस्त्यावर टाकले जाण्यापासून वाचते.

तर मग हे चोचले साहेबाचे म्हणावयाचे काय? ज्यांना जनावरासोबत रोज राहणे भाग होते त्या माहुतांना, मोतद्दारांना आणि धनगरांना धीराची किंमत ठाऊक होती; ज्यांना केवळ हुकूम चालवावयाचा होता त्यांनी ती विसरली. आजचा सल्लागार त्या माहुताचाच वारस आहे. फरक इतकाच, की अंकुश ठेवून देऊन तो फक्त ऊस घेऊन येतो. आणि आमच्या म्हणीविषयी बोलावयाचे तर दोष शेपटाचा कधीच नव्हता. भ्यालेले कुत्रे शेपूट पोटाशी ओढून घेते; निर्भय झाले की ते वर येते, वाकडे होते आणि हलू लागते. ते सरळ करण्यासाठी नळी शोधत बसण्यापेक्षा ते वाकडे व्हावे एवढीच वाट पाहिली असती, तर माणसाचे आणि कुत्र्याचेही पुष्कळ कष्ट वाचले असते.